माय चतकोर खाऊन ताट सरकवते तेव्हा

माझी माय कळण्याची दीड भाकरी ठेच्याबरोबर सहज संपवायची. 2022 च्या उन्हाळ्यात ती चतकोर खाऊन ताट सरकवायला लागली. आग्रह केला की म्हणायची, "बस व माय, गळ्यापर्यंत आलं." 2014 मध्ये तिच्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. आठ वर्षं झालेली, त्यामुळे ते दुखणं आम्ही मिटलं असंच धरलेलं. ॲसिडिटीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनाही ते सांगितलं नाही. पाच महिने त्यातच गेले. शेवटी कळलं, स्तनाचाच तो जुना कॅन्सर जठरात पोचला होता.

म्हणून डॉक्टरसमोर बसलात की पहिलं वाक्य हे बोला: "हिला अमुक साली स्तनाचा कॅन्सर झाला होता." पोटाचं त्यानंतर. दर पोटदुखी कॅन्सरची नसते, बहुतेक वेळा नसतेच. पण दोन घासांत पोट भरणं, उलट्या, वजन उतरणं, नवीन बद्धकोष्ठ, पोटात पाणी होऊन लुगडं घट्ट बसणं, यातलं काही दोन-तीन आठवडे हटत नसेल तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. काळी शौच झाली, किंवा उलट्या होतात आणि शौच-वारा बंद आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता कागद. माझं चोपडा गावात झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे हे अधिकाराने सांगते. लोक डिस्चार्ज कार्डाच्या दहा प्रती काढतात आणि ऑपरेशनच्या गाठीचा तपासणी रिपोर्ट घरी पेटीत ठेवून येतात. खरा कागद तोच. त्यात 'लोब्युलर' हा शब्द आहे का बघा. स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये साधारण दहा-पंधरा या जातीचे असतात, आणि जठर, आतडं, पोटाचा पडदा इथे जायची खोड याच जातीला जास्त. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन यात सहसा नसतं. मग गाठ न होता त्या एकेक करून, मुंग्यांच्या रांगेसारख्या, जठराच्या अस्तराखाली पसरतात. वरून अस्तर बरं दिसतं, जठर मात्र आतून ताठ होतं, फुगत नाही. चतकोर भाकरीचं कारण हे.

मायच्या पहिल्या दुर्बिणीत (तोंडातून नळी घालून जठर बघतात ती) "सूज आहे" एवढंच आलं, तपासायला काढलेला अस्तराचा तुकडाही नॉर्मल. पेढे वाटायचेच बाकी होते. त्रास तसाच असेल तर विचारा, "तुकडा खोलातून आणि चार-सहा ठिकाणचा घेता येईल का?" दुसऱ्या वेळी कॅन्सर सापडला, पण जठराचाच म्हणून. जठराचा मूळ कॅन्सर आणि स्तनातून जठरात आलेला, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अगदी सारखे दिसू शकतात. तेव्हा तपासणाऱ्याला जुना रिपोर्ट द्या आणि ईआर, पीआर, गाटा-3 या चाचण्या करायच्या का ते विचारा; पेशी स्तनाकडच्या आहेत का, हे ओळखायला त्यांची मदत होते. आमचा गुंता तिथे सुटला: पाहुणा स्तनाकडचाच निघाला. फरक नुसत्या नावाचा नाही. जठराचा मूळ कॅन्सर असता तर जठर काढायची गोष्ट निघाली असती. इथे औषध सगळ्या अंगाला लागतं, हार्मोनच्या गोळ्या, इंजेक्शन किंवा किमो. ऑपरेशन बहुधा आतडं अडलं वा रक्तस्राव झाला तरच.

जुन्या ऑपरेशनच्या गाठीचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये आणि काचपट्ट्यांवर जपलेले असतात; जुन्या दवाखान्यातून ते अर्ज करून मागता येतात. अर्जाची पोच घ्या. मुंबईला टाटाला जायचं तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत आहे, डॉक्टरांकडून त्याचा फॉर्म भरून घ्या. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, उपचाराच्या खर्चासाठी असलेल्या सरकारी जोतिराव फुले योजनेला लागतात.

खाण्याचं म्हणाल तर ताट बंद, वाटी सुरू. दर दोन तासांनी अर्धी वाटी: मुगाचं कढण, मऊ खिचडी, दही. आतडं अडल्याची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही भरवू नका. शेजारच्या काकू भरीत घेऊन आल्या की त्यांच्यासमोर डबा ठेवून घ्या, मायला चमचाभर चाटवा. तेवढं तिच्या मनाला पाहिजे असतं.

आणि ते ब्लॉक मेणाचे आहेत. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडचं ऊन कसं असतं ते सांगायला नको, बंद गाडीत पिशवी टाकून चहाला उतरू नका. मी चोपडा ते भुसावळ मांडीवर धरून नेले, ओल्या रुमालात गुंडाळलेल्या डब्यात.