वाड्यावरचे ध्वजवंदन: आदल्या संध्याकाळची तयारी

गोव्यात ध्वजवंदनाचे दिवस नेहमीच्या दोहोंवर थांबत नाहीत. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी सर्वत्रच असतात, परंतु १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आपला स्वतःचा. त्यामुळे शाळा, पंचायत, ग्रंथालय किंवा वाड्यावरचे, म्हणजे गावातल्या वस्तीचे, मंडळ यांपैकी कुठे ना कुठे दोरी बांधण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर येते. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुका समारंभाच्या वेळी घडलेल्या नाहीत. त्या आदल्या संध्याकाळी, अर्धवट उजेडात आणि घाईत घडून गेलेल्या होत्या.

पहिली पाहणी ध्वजाचीच करावी. त्याची लांबी व उंची यांचे प्रमाण ३:२ असावे, म्हणजे ९० सेंटिमीटर लांबीच्या ध्वजाची उंची ६० सेंटिमीटर असते. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळे, चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजे. बाजारातल्या स्वस्त ध्वजांत हे चक्र अनेकदा लांबट किंवा एका बाजूला सरकलेले असते, म्हणून पैसे देण्यापूर्वी ध्वज पूर्ण उलगडून पाहावा. ध्वजाच्या वापराचे नियम सांगणाऱ्या भारतीय ध्वजसंहितेतील ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिएस्टरचे आणि यंत्रावर तयार केलेले ध्वजही चालतात. तरी खादीचाच हवा असेल, तर प्रमाणित खादी ध्वज तयार करणारे बेंगेरीचे केंद्र घाटापलीकडे हुबळीलाच आहे. गेल्या वर्षीचा ध्वज वापरायचा असेल, तर तो फाटलेला, मळलेला किंवा विटलेला नाही याची खात्री करावी. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि उन्हात केशरी रंग दोन मोसमांत गुलाबीकडे झुकतो आणि कपाटातला ध्वज पावसाळ्यात बुरशीचे ठिपके घेऊन बाहेर येतो.

आता गाठ. ध्वजाच्या काठीकडील कडेला नेफा असतो व त्यातून दोरी ओवलेली असते. सहसा तिच्या वरच्या टोकाला लाकडी खुंटी आणि खालच्या टोकाला मोकळी दोरी असते. खुंटी केशरी पट्ट्याच्याच बाजूला आहे ना, हे ध्वज घडी करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे आणि घडी केल्यावर हाताने चाचपून पाहावे, कारण ध्वज उलटा फडकण्याची नामुष्की जवळजवळ नेहमी इथेच ओढवते. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास संहितेची परवानगी आहे, मात्र त्या कोरड्या असाव्यात. मग खालच्या दोरीचा वेढा घडीभोवती देऊन तिचे एकच वेटोळे आत खोचावे. निरगाठ मारू नये, सुरगाठच मारावी. आमच्या वाड्यावर एका पंधरा ऑगस्टला मीच रात्री सुती दोरीने घट्ट गाठ मारून ठेवली होती. पहाटेच्या पावसाने ती फुगून इतकी आवळली की पाहुण्यांनी तीन झटके दिले तरी ध्वज उघडला नाही. शेवटी सगळे उभे असताना तो खाली घेऊन दातांनी गाठ सोडवावी लागली. तेव्हापासून मी दोरी नायलॉनची घेतो, गाठ सकाळीच मारतो, आणि वरच्या कप्पीत तेलाचे दोन थेंब सोडून, रिकामी दोरी एकदा वरपर्यंत ओढून पाहतो.

ध्वज चढवताना झपाट्याने चढवावा आणि उतरवताना सावकाश उतरवावा. पूर्वी तो सूर्यास्तापूर्वी उतरवण्याचे बंधन होते. जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर नागरिकाला उघड्या जागेत किंवा घरावर तो रात्रंदिवस फडकवता येतो. घराच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, भिंतीवर आडवा लावल्यास केशरी पट्टा वर हवा. उभा लावल्यास तो पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा. इथे भलेभले चुकतात. व्यासपीठावर काठीला लावलेला ध्वज श्रोत्यांकडे तोंड करून उभ्या असलेल्या वक्त्याच्या उजवीकडे असावा. व्यासपीठाचा पुढचा भाग किंवा टेबल त्याने झाकू नये, आणि पुतळ्याच्या अनावरणासाठी त्याचा पडदाही करू नये.

विश्वचषक फुटबॉल सुरू झाला की आपल्याकडे ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल यांचे ध्वज गच्च्यांवर चढतात आणि त्यांच्याच दोरीला कोणीतरी हौसेने तिरंगाही बांधतो. हौसेबद्दल तक्रार नाही, पण एका काठीवर दुसरा कोणताही ध्वज तिरंग्यासोबत चालत नाही आणि शेजारचा कोणताही ध्वज त्याच्याहून उंच असता कामा नये. इतर देशांच्या ध्वजांच्या रांगेत तिरंगा रांगेच्या उजव्या टोकाला, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडे पहिला येतो. मोटारीच्या टपावर, बॉनेटवर किंवा होडीवर तो पांघरू नये. मोटारीवर ध्वज लावून फिरण्याचा मान तर राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री अशा ठरावीक पदांपुरताच आहे. ध्वजावर मंडळाचे नाव किंवा कोणतीही अक्षरे छापणे, त्याचे तोरण करणे, हे सर्व वर्ज्य आहे. हेतुपुरस्सर अवमानाला राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ध्वज अर्ध्यावर आणण्याचा निर्णय मंडळाने स्वतः घ्यायचा नसतो, तो सरकार जाहीर करते. मनोहर पर्रीकर यांच्या निधनानंतर १८ मार्च २०१९ रोजी देशभरच्या राजधान्यांत तसा आदेश होता. त्या वेळी ध्वज आधी टोकापर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणतात, आणि उतरवण्यापूर्वी पुन्हा एकदा टोकापर्यंत नेतात.

उतरवलेला ध्वज जमिनीला लागू न देता दोघांनी आडवा धरावा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडावा, मग दोन्ही बाजूंनी मध्याकडे अशा घड्या घालाव्यात की चक्र आणि थोडा केशरी-हिरवा भाग तेवढा वर दिसेल. भिजलेला असेल तर घडी लगेच घालू नये. घरात, कपड्यांपासून वेगळा, सावलीत पसरून पूर्ण वाळवावा. फाटलेला ध्वज फडके म्हणून वापरू नये किंवा कचऱ्यात टाकू नये. तो खासगीत, शक्यतो जाळून, पूर्णपणे नष्ट करावा. मुलांच्या हातातले कागदी ध्वज मात्र कार्यक्रम संपताच फाटकाशी एक माणूस उभा करून परत गोळा करावेत, कारण दहा मिनिटांनी ते गटारातून वेचावे लागतात.