पहिल्या अळिंबीकडून किती अपेक्षा ठेवावी?

नागपुरात घरी पहिल्यांदा अळिंबी करायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत धिंगरीच (ऑयस्टर मशरूम) लावा. बटन मशरूमच्या मागे लागू नका. १ किलो कोरड्या सोयाबीन कुटाराला (मळणीनंतरचा भुसा) १०० ग्रॅम ताजं स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, पुरतं. दोन-तीन तोडे मिळून अर्धा किलो निघाली तरी उत्तम समजा, आणि कुटार नि स्पॉन भरलेली एखादी पिशवी वाया जाणार हे धरूनच चाला. बहुतेकदा ती हिरव्या बुरशीने जाते, कारण कुटार जास्त ओलं राहतं. भिजवलेलं कुटार ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळू द्या, मग मुठीत घट्ट दाबून पाहा: तळहात ओला व्हावा, थेंब गळू नये. अळिंबीच्या तंतूंनी पिशवी पांढरी व्हायला १५ ते २० दिवस. कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्तच. देठ लांब नि टोपी बारीक आली तर हवा कोंडली आहे, खिडकी उघडा.