वेंगुर्ला रॉक्सला बोटीने जाताय? या चुका टाळा

निवतीच्या किनाऱ्यावर उभं राहून स्वच्छ हवेत पश्चिमेला पाहिलं, की क्षितिजावर खडकांचा एक काळा पुंजका आणि त्यावरचं दीपगृह दिसतं. हेच वेंगुर्ला रॉक्स, जुन्या नकाशांमधले ‘बर्न्ट आयलंड्स’. खडकांच्या कपारींत पाकोळ्या (स्विफ्टलेट पक्षी), माथ्यावर सुरय (टर्न) पक्षी आणि वाटेत डॉल्फिन. सिंधुदुर्गात वन्यजीव पाहण्यासाठी यासारखा दुसरा दिवस नाही, असं मला मनापासून वाटतं. तरीही बरेच जण हिरमुसून परततात, कारण बोटीवर बसण्याआधीच काही गोष्टी चुकलेल्या असतात.

उशिरा निघणं

नाश्ता करून दहाला निघू, हा बेत सोडून द्या. पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, तेव्हा किनाऱ्याजवळ पाणी शांत असतं. ऊन चढलं की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि लाटांवर पांढरा फेस दिसू लागतो. फेसाळ पाण्यात डॉल्फिनचा पर ओळखणं जवळपास अशक्य. म्हणून उजाडताना बोट सुटलेली असावी आणि वारा वाढायच्या आत तुम्ही परतीला लागलेले असावेत.

आदल्या दिवशी इन्कॉईस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज पाहा, पण शेवटचा शब्द तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा. तो ‘आज नको’ म्हणाला तर जास्त पैशांची लालूच दाखवू नका. खडकांपर्यंत जाता आलं नाही तरी कर्ली नदीच्या मुखाजवळ, किनाऱ्याच्या आडोशाला सकाळ छान जाते. पावसाळ्यात मात्र हा विचारच नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या यांत्रिक बोटीही बंद असतात, त्यामागे माशांच्या प्रजननाइतकंच खवळलेल्या समुद्राचंही कारण आहे.

डॉल्फिन खोल समुद्रात शोधणं

ही चूक सर्रास होते. बोट सुटली की सगळ्यांचं लक्ष लांबच्या खडकांकडे, इंजिन पूर्ण वेगात, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर कोणी पाण्याकडे नीट बघतच नाही. इथे सगळ्यात जास्त दिसणारा डॉल्फिन म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला हम्पबॅक. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातला, खाड्यांच्या मुखांशी मासे धरणारा प्राणी आहे. म्हणजे ज्या पट्ट्यातून तुम्ही घाईने निघून जाता, तेच त्याचं घर. तिथे वेग कमी ठेवा. सुरय पक्षी एकाच जागी पाण्यात सूर मारत असतील तर खाली माशांचा थवा आहे, आणि डॉल्फिनही असू शकतात.

आणखी एक अपेक्षा घरीच ठेवा: उड्यांची. हम्पबॅक क्वचितच पाण्याबाहेर झेप घेतो. बहुतेक वेळा आधी फुस्स असा श्वास ऐकू येतो, मग राखाडी पाठ गोल वळून खाली जाते. इतकंच. तेवढं शांतपणे पाहता आलं तर ते फार सुंदर असतं.

दिसला की पाठलाग करणं

पर दिसला की बोटीवर आरडाओरडा, तांडेलावर दबाव, आणि बोट थेट कळपात. पुढे काय होतं ते ठरलेलं आहे: डॉल्फिन दिशा बदलतात, जास्त वेळ पाण्याखाली राहतात आणि लांब कुठेतरी वर येतात. ते आवाजाच्या आधाराने दिशा आणि मासे शोधतात, एकमेकांशी संपर्क ठेवतात. इंजिनाचा आवाज त्यांच्यासाठी धुक्यासारखा. कळपात पिल्लू असेल तर आईची आणि त्याची ताटातूट होण्याचा धोका असतो. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे आणि जगभरात त्याची संख्या घटते आहे.

बोट कळपाच्या मागे किंवा पुढे न नेता बाजूने, समांतर आणि सावकाश ठेवायला सांगा. निदान पन्नास मीटर अंतर राखा. दिसेनासे झाले तर शोधत फिरू नका. इंजिन न्यूट्रलला टाकून पाच-दहा मिनिटं थांबा. बऱ्याचदा तेच जवळ येतात. दुसरी बोट आधीच तिथे असेल तर लांब राहून वाट पाहा. डॉल्फिनला घेरणाऱ्या चार बोटी पाहिल्या की मला संताप येतो.

खडकांवर उतरणं

इथल्या पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. या घरट्यांना परदेशी बाजारात मोठी किंमत मिळते म्हणून इथे त्यांची चोरी होत असे. आता ती काढणं गुन्हा आहे. फेब्रुवारी ते मे हा साधारण विणीचा काळ. गुहेच्या अंधारात या पाकोळ्या स्वतःच्या टकटक आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. अशा जागी टॉर्च आणि फ्लॅश घेऊन शिरलं तर पक्षी बिथरून उडतात, अंडी खाली पडतात. त्यामुळे बोटीतूनच पाहा. संध्याकाळी गुहेत परतणारे थवे पाहण्यासाठीही थांबू नका, अंधारात या खडकांमधून बोट काढणं धोक्याचं आहे.

सुरय पक्षीही याच खडकांत घरटी करतात. माणूस चढला की पक्षी उठतात आणि उघडी पडलेली अंडी तापलेल्या खडकावर भाजून निघतात. ह्यूम आणि पुढे हुमायून अब्दुलालींसारखे पक्षीतज्ज्ञ ज्या वसाहतींसाठी इथवर आले, त्या टिकवायच्या असतील तर हे अंतर पाळावंच लागेल.

बारीकसारीक

दुर्बीण आठपट पुरे. बारापटीच्या दुर्बिणीत बोटीचा हेलकावाही तितकाच मोठा होतो. भिंगावर खारं पाणी उडालं तर शर्टाने पुसू नका, मिठाच्या कणांनी चरे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओला केलेला मऊ कपडा टेकवा.

बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. उपाशीपोटी जाऊ नका. त्रास झालाच तर मोबाइल ठेवून द्या, बोटीच्या मध्यभागी बसा आणि क्षितिजाकडे नजर लावा.

कुरव (सीगल) पक्ष्यांना गाठी-चिवडा टाकू नका. एलिफंटाच्या लाँचवर ही सवय किती फोफावली आहे ते आपण पाहतोच. लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नको.

परतल्यावर किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन किंवा कासव पडलेलं दिसलं तर त्याला समुद्रात ढकलू नका. गर्दी लांब ठेवा, सावली करा. डॉल्फिनची त्वचा ओल्या कापडाने थंड ठेवा, पण डोक्यावरच्या श्वासरंध्रात पाणी जाऊ देऊ नका, आणि लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.