आयर्लंडच्या शाळेत मूल घालताय? मग गेलिक फुटबॉलबद्दल आधीच विचारा

मी आयर्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि शाळा सुटल्यावर मुलींच्या गेलिक फुटबॉल संघाबरोबर मैदानावर असते. नोकरीनिमित्त पुण्या-नाशिकहून इकडे येणारी कुटुंबं दर उन्हाळ्यात मला साधारण तेच विचारतात. शाळा कशी निवडायची, आयरिश भाषेतून सूट मिळते का, लीव्हिंग सर्टचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे, गुण कसे मोजतात. खेळाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर तो प्रश्न पहिल्या तीनांत हवा, असं माझं ठाम मत आहे.

आधी खेळ समजून घ्या. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांड्याखालून जाळ्यात चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून गेला तर एक गुण. २०२५ पासून पुरुषांच्या खेळात नियम बरेच बदलले आणि चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन गुण मिळू लागले. चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. मग एकतर तो जमिनीवर एकदा आपटायचा किंवा बुटाच्या टोकावर सोडून परत हातात उडवून घ्यायचा. या दुसऱ्या प्रकाराला सोलो म्हणतात. सलग दोनदा आपटायला बंदी आहे, म्हणून सोलो आल्याशिवाय मैदानावर निभाव लागत नाही.

नव्या मुलाची पहिली अडचण सोलोचीच. चेंडू खूप उंचावरून सोडला जातो, पायाची बोटं खाली झुकलेली राहतात आणि चेंडू पुढे निसटतो. मी मुलींना सांगते, गुडघा थोडा वाकवा, बोटं आपल्याकडे ओढा, चेंडू कमरेपेक्षा वर जाऊ देऊ नका. आधी उभ्याउभ्या, मग चालत, मग पळत. भिंतीजवळ रोज पंधरा-वीस मिनिटं दिली की काही आठवड्यांत जमतं. उलट उंच आलेला चेंडू डोक्यावर झेलण्यात आपली क्रिकेट खेळलेली मुलं पहिल्याच दिवशी चमकतात. चेंडूखाली वेळेत पोचायची नजर त्यांच्याकडे आधीच असते. प्रशिक्षकाला हे आवर्जून सांगा, तो मुलाला मिडफिल्डला उभं करून बघेल.

आता खरी मेख. हा खेळ चालवणारी संघटना, म्हणजे जीएए, १८८४ साली थर्ल्स गावात सुरू झाली. तिचा पाया गावोगावचे, पॅरिशचे म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले क्लब आहेत. इथली मुलं पाच-सहा वर्षांची असल्यापासून क्लबमध्ये खेळतात. तेराव्या वर्षी तिथे जाणारं आपलं मूल सात वर्षांनी मागे असतं, आणि बाकीच्यांची दोस्ती केव्हाच जुळलेली असते. माध्यमिक शाळेच्या फर्स्ट इयरला, म्हणजे पहिल्या वर्षी, मात्र सगळेच नवे असतात. पाच-सहा वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून आलेली मुलं एकमेकांना ओळखत नाहीत. प्रशिक्षकालाही कोण कसं खेळतं याची कल्पना नसते, त्यामुळे सरावाला येईल त्याला तो घेतो. सप्टेंबरमध्ये नोटीस बोर्डावर यादी लागते, तीवर नाव घालायचं आणि बूट घेऊन हजर राहायचं, एवढंच. दुसऱ्या वर्षी तोच संघ पक्का झालेला असतो आणि ज्युनियर, सिनियर गटात तर निवड कडक होते. दार सगळ्यात जास्त उघडं असतं ते फर्स्ट इयरला. ते चुकलं तर सगळं संपतं असं नाही, पण पुढे कष्ट दुप्पट पडतात.

जुलैमध्ये येणार असाल तर सहा ते तेरा वयोगटासाठी गावोगावी केलॉग्ज कूल कॅम्प ही जीएएची उन्हाळी शिबिरं भरतात. आठवडाभर मूल तिथे गेलं तरी सप्टेंबरमध्ये चेंडू हाताला अनोळखी राहत नाही. सामान फार लागत नाही. खुंट्यांचे बूट, जाड मोजे, हातमोजे आणि गमशील्ड, म्हणजे दातांवर बसवायचं कवच. गमशील्ड सक्तीचं आहे, त्याशिवाय सामन्यात उतरू देत नाहीत. मुलाला ब्रेसेस असतील तर दातांच्या डॉक्टरांकडून वेगळं करून घ्या.

शालेय गेलिक फुटबॉलची स्थिती कशी आहे, असं विचाराल तर वरचा थर झळाळता आहे. संपूर्ण आयर्लंडच्या शाळांची होगन कप स्पर्धा १९४६ पासून आहे. गॉलवेमधल्या ट्युअम गावच्या सेंट जार्लथ्स कॉलेजने ती सगळ्यात जास्त, बारा वेळा जिंकली. उत्तरेत अल्स्टर प्रांतातल्या शाळांचा मॅकरॉरी कप त्याहून जुना, १९२३ चा. त्याची अंतिम लढत वर्षानुवर्षं सेंट पॅट्रिक्स डेला ठेवली जायची. त्या दिवशी आख्खं गाव शाळेच्या रंगांचे मफलर गुंडाळून स्टेडियममध्ये असायचं.

खालचा थर मात्र पातळ होतोय, आणि त्याची मला काळजी वाटते. पूर्वी या शाळांत धर्मगुरू आणि ब्रदर राहत. संध्याकाळचा सराव, शनिवारचा सामना, सगळं तेच बघायचे. वसतिगृहं बंद पडली, ती पिढी गेली आणि काम शिक्षकांवर आलं. माध्यमिक शिक्षकाचे आठवड्याचे तास बावीस. संघाचं काम त्याबाहेरचं, बिनपगारी. सामने बहुधा आठवड्याच्या मधल्या वारी, शाळेच्या वेळेत होतात. मी संघ घेऊन बसने गेले की माझे तास दुसऱ्या कुणालातरी घ्यावे लागतात. आज शिक्षकांचाच तुटवडा आहे, डब्लिन भागात तर घरभाडं परवडत नाही म्हणून जागा भरत नाहीत. मग मुख्याध्यापक दोनाऐवजी एकाच संघाला परवानगी देतात, आणि गळतो तो नेहमी ब संघ. नवखी मुलं त्याच संघात असतात. जीएएने आणि शिक्षण खात्याने शाळेतल्या प्रशिक्षकाचे तास वेळापत्रकातच धरायला हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मुलींच्या पालकांना एक वेगळं सांगायचं आहे. मुलींच्या खेळाची संघटना निराळी आहे, ती १९७४ पासून आहे. नियमही थोडे वेगळे: मुलींना जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येतो, आणि अंगाला अंग भिडवायची मुभा मुलांच्या मानाने फार कमी. त्यामुळे ‘लागेल’ ही भीती धरून मुलीला घरी बसवू नका. चौदा-पंधराच्या वयात मुली खेळ सोडतात हे मी वर्षानुवर्षं पाहतेय, आणि आपल्या घरांत त्याला ट्यूशनचं कारण जोडलं जातं.

अभ्यासाचं म्हणाल तर खेळ आणि अभ्यास इथे एकमेकांच्या आड येत नाहीत. काउंटी संघांचा मायनर, म्हणजे कुमार गट २०१८ पासून अठराऐवजी सतरा वर्षांखालचा केला, त्यामागे लीव्हिंग सर्टच्या मुलांवरचा ताण कमी करणं हाही एक हेतू होता. काही शाळांत शारीरिक शिक्षण हा लीव्हिंग सर्टचा पूर्ण विषय आहे, त्याचे गुण इतर विषयांसारखेच धरतात. निम्मे गुण लेखी परीक्षेला, २० टक्के प्रकल्पाला आणि ३० टक्के प्रत्यक्ष खेळाला. त्या खेळात गेलिक फुटबॉल निवडता येतो. आपली शाळा तो विषय देते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. ट्रांझिशन इयरला, म्हणजे ज्युनियर आणि सिनियर टप्प्यांच्या मधल्या वर्षी, जीएएचा फ्युचर लीडर्स कार्यक्रम आहे. त्यात प्रशिक्षण, पंचगिरी, सामन्याचं विश्लेषण, खेळाची पत्रकारिता असं बरंच काही येतं. पळण्यात मागे असलेली पण आकड्यांत हुशार मुलं तिथे फुलतात.

रंगाबद्दल, नावाबद्दल कुणी वाकडं बोलेल का? क्वचित बोलतात. असं झालं तर गप्प बसू नका, वर्गशिक्षकांना त्याच दिवशी लेखी कळवा. वडील हाँगकाँगचे असलेला जेसन शेरलॉक १९९५ साली डब्लिनसाठी ऑल-आयर्लंड अजिंक्यपद जिंकला आणि त्याने काय सोसलं ते नंतर स्वतःच जाहीरपणे सांगितलं. पाकिस्तानात जन्मलेला शैरोझ अक्रम मेयो काउंटीच्या २१ वर्षांखालच्या संघातून २०१६ चा विजेता झाला. आपल्या मुलांना ही नावं माहीत असू द्या.

आणि शिक्षक म्हणून येणाऱ्यांसाठी. टीचिंग कौन्सिलकडे, म्हणजे शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी झाली की मुलाखतीत हमखास विचारतात, वर्गाबाहेर शाळेसाठी काय कराल? गेलिक फुटबॉल येत नाही म्हणून मागे सरू नका. गुणफलक, आकडेवारी, प्रथमोपचार, बसमधली हजेरी अशा कामांना प्रत्येक संघाला माणूस हवा असतो. मुलांबरोबर काम करायला गार्डा व्हेटिंग, म्हणजे आयरिश पोलिसांची पार्श्वभूमी तपासणी लागते, त्याला वेळ जातो, तेव्हा अर्ज आल्याआल्या भरा. मग जीएएचा मुलांच्या सुरक्षिततेचा कोर्स आणि त्यानंतर पायाभूत प्रशिक्षकाचा. दोन्ही नोकरी सांभाळून होतात.