एकाला हवं, दुसऱ्याला नको: जोडप्यांनी या चुका टाळा

नवरा-बायकोची शरीरसंबंधांची गरज सारखी नसते. लग्नानंतरचं पहिलं वर्ष-दीड वर्ष हा फरक झाकून जातो. मग बाळंतपण, घराचे हप्ते, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या रात्रपाळ्या, आजारपणं यांत तो उघडा पडतो. नाशिकमध्ये जोडप्यांचं समुपदेशन करताना मला तो जवळपास प्रत्येक घरात दिसतो, पण निव्वळ त्या फरकामुळे मोडलेले संसार मी फारसे पाहिलेले नाहीत. तो दिसल्यावर दोघं जे वागतात त्याने संसार मोडतात. आणि वागण्यातल्या चुका त्याच त्या असतात. चांगली शिकलेली, एरवी समजूतदार माणसं त्या वर्षानुवर्षं करत राहतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

नकार मिळाल्यावर, अंथरुणातच बोलायला घेणं

दिवा मालवलेला आहे. एकाने हात पुढे केला, दुसऱ्याने कूस बदलली, आणि नेमकं तेव्हाच "आपण याबद्दल एकदा नीट बोलूया का?" याहून वाईट वेळ सापडणार नाही. एक दुखावलेला, दुसरा झोपेला आलेला, भिंतीपलीकडे आई-वडील, त्यामुळे भांडायचं तेही कुजबुजत. त्यातून "तुला मी आवडतच नाही" आणि "तुला दुसरं काही सुचतच नाही" ही दोन वाक्यं निघतात आणि पुढचे आठ दिवस दोघांच्या डोक्यात घोळत राहतात.

मी जोडप्यांना जेवणानंतर फिरायला पाठवते, मोबाइल घरी ठेवून. दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळत नाही, तो कॉलनीच्या रस्त्यावर मिळतो. शिवाय शेजारी-शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून अवघड गोष्ट सहज बोलली जाते. एका फेरीत एकच विषय. आज मला काय आवडतं ते सांगायचं. काय खुपतं ते परवा.

हिशोब ठेवणं

या चुकीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ती करणाऱ्याला आपण न्यायाची बाजू मांडतोय असं मनापासून वाटत असतं.

एका जोडप्याचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा कंपनीत अकाउंट्स बघणारा, बायको शिक्षिका, मुलगी पहिलीत. पहिल्याच भेटीत नवऱ्याने मोबाइलवर एक्सेलची फाइल उघडून माझ्यापुढे धरली. तारीख, पुढाकार कोणाचा, हो की नाही, नाही असेल तर कारण काय. वर्षभराच्या नोंदी होत्या. "मॅडम, मी उगाच बोलत नाही, तुम्हीच बघा." बायकोने ती फाइल तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. खाली-वर करत ती बराच वेळ वाचत राहिली आणि मग म्हणाली, "मला डेंग्यू झाला होता ते दिवसही यात 'नाही' म्हणून लिहिलेत."

तिला एकटीला भेटल्यावर जे कळलं ते त्या नोंदींत कुठेच नव्हतं. संध्याकाळी सोफ्यावर ती त्याच्या शेजारी बसायची, ते बंद झालं होतं. तो थकून आला की मान चोळून द्यायची, तेही थांबवलं होतं. मुलीला झोपवायला गेली की तिथेच झोपून जायची. खांद्यावर हात ठेवला तरी तो त्याला होकार समजायचा, आणि पुढे नाही म्हटलं की दोन दिवस अबोला. रोजच्या या कटकटीपेक्षा स्पर्शच नको, असं तिने ठरवून टाकलं होतं. त्याची खरी तक्रार मात्र त्याला स्वतःलाही नंतर सापडली. काही भेटींनंतर, आवाज भरून आलेला असताना तो म्हणाला, "कित्येक महिन्यांत तिने माझा नुसता हातसुद्धा धरला नाही."

अशा वेळी मी जी पद्धत वापरते ती अमेरिकेतल्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या दोघांनी 1970 साली मांडली. सांगायला अगदी सोपी आहे. काही आठवडे संभोगाला पूर्ण बंदी. ठरलेल्या वेळी एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने फक्त तो अनुभवायचा, मग आळीपाळी. सुरुवातीला पाठ, हात, चेहरा, पाय एवढंच. स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. बऱ्याच दिवसांनी पुढचा टप्पा. बंदी हाच यातला महत्त्वाचा भाग आहे. स्पर्श पुढे कुठेही जाणार नाही अशी खात्री पटली, की ज्याला कमी हवंसं वाटतं त्याला सतत सावध राहावं लागत नाही. अंग सैल पडतं, आणि मग कित्येक महिन्यांत न जाणवलेलं काहीतरी जाणवायला लागतं.

या जोडप्याने पहिल्याच आठवड्यात बंदी मोडली. "छानच चाललं होतं मॅडम, तिलाही चालणार होतं," असं तो म्हणाला. तिला चाललं नव्हतं, पण ती बोलली नाही, आणि त्यानंतर दोन आठवडे ती पुन्हा मुलीच्या खोलीत झोपली. ही घाई मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता पहिल्याच दिवशी बजावते: चांगलं चाललंय असं वाटेल तेव्हाच थांबायचं आहे. ज्यांना दोन टप्पे गाळून तिसऱ्यावर जायचं असतं, त्यांना मी स्पष्ट सांगते की मग माझी फी भरू नका.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्याला ते शिक्षेसारखं वाटलं, पण त्याने ते निभावलं. काही महिन्यांनी त्याची गरज अजूनही तिच्यापेक्षा जास्तच होती, आणि ती तशीच राहील. मात्र ती सोफ्यावर त्याच्याजवळ बसायला लागली होती, आणि मोबाइलमधली फाइल त्याने कोणी न सांगता काढून टाकली होती.

"पण मॅडम, किती वेळा म्हणजे नॉर्मल?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. ज्यांना आकडाच हवा असतो त्यांना मी 2015 सालचे दोन अभ्यास सांगते. अ‍ॅमी म्यूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 30,000 हून जास्त अमेरिकनांची माहिती तपासली. आठवड्यातून एकदापर्यंत संबंधांबरोबर समाधान वाढताना दिसलं, त्यापुढे संख्या वाढली तरी समाधान वाढलं नाही. दुसरा जॉर्ज लोवेनस्टाइन यांचा. त्यांनी 64 जोडप्यांमधल्या निम्म्यांना संबंधांची संख्या तीन महिने दुप्पट करायला सांगितली. त्या जोडप्यांचा आनंद वाढला नाही, उलट मन थोडं उतरलं आणि इच्छाही कमी झाली. संख्या वाढवून घेण्यासाठी भांडणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

इच्छा आपोआप येईल म्हणून वाट बघत बसणं

काहींना इच्छा आधी होते आणि मग ते जवळ येतात. काहींच्या बाबतीत उलटं असतं: निवांत वेळ, जवळीक, स्पर्श आधी, आणि इच्छा त्यातून जागी होते. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली हे नीट मांडलं. हा दोष नाही, कमतरता नाही. पण जोडीदाराला ते माहीत नसलं की "ती स्वतःहून कधी येतच नाही" याचा अर्थ तो प्रेम नाही असा लावतो.

माणसाच्या इच्छेला गाडीसारखे अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही असतात असं समजावलं जातं. त्या मांडणीचा पाया जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सेन या संशोधकांनी घातला. बहुतेक जोडपी अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसतात: नवे कपडे, महागडं हॉटेल, अत्तर. ब्रेकवरचा पाय कोणी काढत नाही. ब्रेक म्हणजे हॉलमध्ये दिवाणावर झोपणाऱ्या सासूबाई, पहाटे साडेपाचचा डबा, दिवस राहण्याची धास्ती, दुपारी सगळ्यांसमोर ऐकून घेतलेला टोमणा. मी पहिल्या भेटीत एक प्रश्न हमखास विचारते: खोलीच्या दाराला आतून कडी लागते का? न लागणारी घरं तुम्हाला वाटतात त्याहून पुष्कळ आहेत. सुतार बोलवा, कडी बसवून घ्या, मग माझ्याकडे या.

नुसतंच "नको" म्हणणं

डोकं दुखतंय, उद्या लवकर उठायचंय, आज वार आहे. नकार द्यायचा हक्क पूर्ण आहे, कारणही द्यायची गरज नाही. पण नात्यासाठी एवढं करा: "आज नको, पण माझ्याजवळ झोप" असं म्हणा, आणि नाही म्हणणाऱ्यानेच पुढचा पुढाकार घ्यायचा. विचारणाऱ्याने "नको" ऐकल्यावर पाठ फिरवायची नाही.

जास्त हवं ते पुरुषालाच, असं धरून चालणं

बायकोला हवं आहे आणि नवरा टाळतो आहे, अशी कितीतरी जोडपी येतात. त्या बाईची दुहेरी कोंडी होते: मागावं तर "ही कसली बाई", न मागावं तर "मी दिसायला वाईट झाले का" हा प्रश्न मनात. नवऱ्याची इच्छा एकाएकी ओसरली असेल तर आधी मधुमेह, थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स तपासून घ्या आणि त्याची झोप, दारू नि मनःस्थिती बघा. नैराश्यावरच्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिनसारख्या गोळ्यांनीही इच्छा कमी होऊ शकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यांच्याकडे पर्याय असतात.

दुखत असताना सहन करणं

बाई दुखतंय म्हणून टाळते, आणि नवऱ्याला वाटतं तिला इच्छा नाही. दोघं वर्षभर चुकीच्या विषयावर भांडतात. स्तनपानाच्या काळात आणि पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, योनीमार्ग कोरडा पडतो. जंतुसंसर्ग असू शकतो, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) असू शकतो. व्हजायनिस्मसमध्ये योनीभोवतीचे स्नायू तिच्या नियंत्रणाशिवाय आवळले जातात. "जरा रिलॅक्स हो" म्हणून ते सुटत नाहीत. "पहिल्यांदा दुखतंच, होईल सवय" हा मोठ्या जावेचा सल्ला ऐकून वर्षं काढलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि मला त्याचा संताप येतो. दुखलं की थांबायचं, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. कोरडेपणासाठी पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट औषधाच्या दुकानात मिळतं. खोबरेल तेल कंडोमसोबत अजिबात नको, तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं.

गोळीने सुटेल असं समजणं

मेडिकलवाल्याच्या ओळखीने सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) आणायची आणि बायकोला न सांगता घ्यायची, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. गोळी ताठरतेला मदत करते. इच्छा निर्माण करत नाही आणि अबोला तर नाहीच नाही सोडवत. शिवाय छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा तशी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर दोन्हींनी मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. ताठरतेचा त्रास हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची काही वर्षं आधीची सूचनाही असू शकतो, म्हणजे परस्पर गोळी घेणारा ती सूचना दाबून टाकतो. "शुद्ध आयुर्वेदिक" पुड्यांचाही भरवसा नको. अशा काही उत्पादनांत सिल्डेनाफिल मिसळलेलं तपासण्यांत सापडलं आहे, आणि पाकिटावर ते लिहिलेलं नसतं.

मित्राला, ग्रुपला, व्हिडिओला विचारणं

पॉर्नमधली शरीरं आणि वेळा अभिनय आणि संपादनातून येतात. त्याच्याशी स्वतःची तुलना करू नका.

लाजेचं म्हणाल, तर र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक पत्रांतून विचारत, ते उत्तरं छापत. या उत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, दंड भरला आणि मासिक चालू ठेवलं. मराठीत पत्र लिहून असले प्रश्न विचारणारी माणसं तेव्हा होती. आज तज्ज्ञांकडे जाऊन दार लावून विचारायला संकोच धरायचं कारण नाही.

"माझा हक्क आहे" म्हणणं

इथे गरजांमधल्या फरकाचा विषय संपतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 82 टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितलं की, इच्छा नसेल तर आपण नवऱ्याला नाही म्हणू शकतो. गोव्यात हे प्रमाण 92 टक्के होतं. ज्यांना तसं म्हणता येत नाही, त्या माझ्यासमोर नवऱ्याच्या शेजारी बसून "आमचं सगळं ठीक आहे" एवढंच बोलतात. म्हणून प्रत्येक जोडप्यातल्या दोघांनाही मी एकदा तरी वेगवेगळं भेटते, नवऱ्याने कितीही नाक मुरडलं तरी. जबरदस्ती, धमकी किंवा नाही म्हटल्यावर मारहाण असल्याचं कळलं, की जोडप्याचं एकत्र समुपदेशन मी तिथेच थांबवते, कारण खोलीत खरं बोलल्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्टपणे धरलेला आहे, अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करता येतो, आणि महिला हेल्पलाइन 181 या क्रमांकावर फोन लावता येतो.