पाय आणि ठोसा, एकच आवाज

कराटे शिकणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाचा ओई-झुकी, म्हणजे पाऊल पुढे टाकत मारलेला ठोसा, बघण्याआधी ऐका. डोळे मिटून घ्या. पुढचा पाय टेकल्याचा आणि बाहीच्या फटकाऱ्याचा आवाज एकदम आला, तर जुळलंय. 'थप... फट' असे दोन आवाज आले, तर पाय आधी पोचला, हात मागून आला आणि अंगाचं वजन ठोशात उतरलंच नाही. आमच्याकडे परभणीत उन्हामुळे वर्ग सकाळी सहालाच मैदानावर भरतो, पण मातीत आवाज दबतो. म्हणून एवढा सराव शाळेच्या फरशीच्या व्हरांड्यात घ्या. कोपर मात्र ताठ झटकू देऊ नका, वाढतं वय आहे.

दुसरी गोष्ट मोजणीची. 'इची, नी, सान' (जपानीत एक, दोन, तीन) एकाच चालीत म्हणत राहिलं की पोरं आकड्याच्या आधीच हलतात. शाळेत लेझीम खेळलेल्यांना ठेका पटकन कळतो. हलगी नसेल तर पत्र्याचा डबा वाजवा, मध्येच एक ठोका गाळा, पुढचे दोन जवळ घ्या. ठोका नाही तर हालचाल नाही. पाच मिनिटं पुरेत.

हेइआन शोदान या काताच्या, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या संचाच्या, 21 हालचाली सगळ्या एकाच वेगाने करून घेणं मला चूक वाटतं. गेदान-बाराईला (हात खाली झटकून वार अडवणं) जोडून लगेच ओई-झुकी, मग वळण्याआधी नजर वळवून क्षणभर थांबायचं.

कुमितेसाठी, म्हणजे समोरासमोरच्या लढतीसाठी, जोड्या लावा: एकाने रुमाल सोडायचा, दुसऱ्याने तो खाली पडायच्या आत ग्याकु-झुकी (पुढच्या पायाच्या विरुद्ध हाताचा ठोसा) मारून हात परत घ्यायचा.