माझा अनुभव: यू-क्लॅम्पचे पाय फाकत होते

यू-क्लॅम्प म्हणजे मशीनवर जॉब (कापायचा तुकडा) दाबून धरणारी यू आकाराची पट्टी. त्यासाठी मिलिंगवर एम १२ (१२ मिमी) बोल्टसाठी ४० × २० मिमी ब्राइट बारमध्ये (थंड ओढून काढलेली पोलादी पट्टी) १४ मिमीचा, एका टोकाला उघडा स्लॉट (खाच). व्हाइस (जॉब जबड्यांत धरणारा शिकंजा) सोडला की तोंड फाकतं. नवा कटर, कमी फीड, व्हाइस आणखी आवळणं, सगळं वाया. वैताग नुसता!

ब्राइट बारच्या कातडीत ताण असतो. गाभा काढला की पाय बाहेर वळतात.

उपाय असा: आधी १२ मिमी स्लॉट ड्रिलने (खाच पाडणारा मिलिंग कटर), दर फेरीला २ मिमी खोल कटने रफ स्लॉट. मग जॉब पूर्ण सोडा, फाकू द्या. २० मिमीच्या बाजूने धरून बाहेरच्या दोन्ही कडा १-१ मिमी साफ करा, म्हणजे रुंदी ३८ मिमी होते. शेवटी बंद टोक हलकं धरून स्लॉटची प्रत्येक बाजू १ मिमी फिनिश. व्हाइसच्या जबड्याच्या दुसऱ्या टोकाला ३८ मिमीचाच तुकडा ठेवा, नाहीतर जबडा तिरका होतो. पायांवर मात्र जबडा नको.